विष घरात, तर निर्णयही घराचा

सांगलीहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. पण आरओचं पाणी, मोजून विरघळवलेलं समुद्री मीठ, निळसर दिवे आणि पाणी खेळतं ठेवणारे पंप यांच्या जोरावर खाऱ्या पाण्याची टाकी आज दिवाणखान्यात मांडता येते. तिच्यासाठी मऊ प्रवाळाचा एखादा तुकडा विकत आणला की त्याच्या बुडाला चिकटून कधीकधी पॅलिथोआचे पॉलिप येतात. तपकिरी-हिरवट, नखाएवढे, कडेला आखूड शुंडकं असलेले. हळूहळू ते दगडभर पसरतात आणि शेजारच्या प्रवाळांना जागा ठेवत नाहीत. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं आणि ते निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे.

अशी वसाहत काढायची कशी, कोणी काढायची आणि मुळात अशी टाकी घरात असावी का? साताऱ्यात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मामा आणि सांगलीत नांदणारी, टाकी स्वतः सांभाळणारी त्यांची भाची यांच्यातला हा संवाद. दोघांची मतं जुळत नाहीत. म्हणूनच तो इथे सविस्तर मांडला आहे.

मामा: माझं म्हणणं सरळ आहे. टाकी रिकामी करून टाक. आज, आत्ता. घरात दमा असलेल्या विहीणबाई आहेत, चार वर्षांचं पोर आहे. ज्याच्यावर उतारा नाही असलं विष शोभेसाठी घरात ठेवायचं, हे मला पटत नाही.

भाची: मामा, घाईघाईनं टाकी रिकामी करणं हेच सगळ्यात धोक्याचं आहे. पॉलिप पाण्यात शांत असतो तेव्हा विष त्याच्या अंगात असतं. त्याला खरवडलं, घासलं, कापलं किंवा भाजलं की ते बाहेर पडतं. आजवर जे अपघात झालेत, त्यातले कितीतरी टाकी साफ करताना किंवा दगड हलवताना झालेत. २०१८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हन्टन गावात एका घरी टाकीतला दगड बाहेर काढून घासला गेला. घरातली माणसं तापानं, खोकल्यानं आणि धापेनं आजारी पडली. मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

मामा: म्हणजे ज्याच्या हातात ब्रश होता, त्याच्यापुरतं ते राहिलं नाही.

भाची: नाही ना. पण त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत आहे. म्हणून मी म्हणते की घाबरायचं कारण नाही. पद्धत नीट पाळली तर मी एकटी हे काम करू शकते.

मामा: तुझ्या पद्धतीकडे येऊच. आधी हे विष करतं काय, ते ऐक. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. हा पंप शोधणाऱ्या येन्स स्काऊंना १९९७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. स्नायू आकसतात, हृदय ठोके देतं, मज्जातंतू निरोप नेतात, त्यामागे हाच पंप. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटतं आणि त्याचं सताड उघडं छिद्र करून टाकतं. मग सोडियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर वाहून जातं आणि पेशीचा तोल सुटतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हा पंप आहे, म्हणून हे विष कुठल्या एका अवयवापुरतं थांबत नाही.

भाची: हे मी वाचलंय. हवाईच्या माउई बेटावर हाना नावाची जागा आहे. तिथल्या एका डबक्यातलं 'शेवाळ' भाल्याच्या टोकाला लावलं की जखम जीवघेणी ठरते, अशी तिथल्या लोकांत कथा होती. ते शेवाळ नव्हतंच, पॅलिथोआ होता. रिचर्ड मूर आणि पॉल शोयर यांनी १९७१ साली त्यातून हे विष वेगळं करून दाखवलं.

मामा: आणि त्या रेणूत १२९ कार्बन आहेत. प्रयोगशाळेत तो जुळवून तयार व्हायला १९९४ साल उजाडलं. एवढी किचकट गोष्ट दिवाणखान्यात वाढते आणि विकणारा तिच्यावर एक चिठ्ठीसुद्धा लावत नाही! बरं, मला सांग, तुझा पॉलिप विषारी आहे हे तू कशावरून ठरवलंस?

भाची: ठरवता येत नाही. पॅलिथोआच्या अंगात वाळूचे कण रुतलेले असतात, त्यामुळे तो हाताला खरबरीत लागतो. त्याच्या जवळचा झोअँथस सहसा लहान आणि जास्त रंगीत असतो. पण त्यावरून विष किती आहे ते कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी दुकानांतून नमुने घेऊन तपासले, तेव्हा काहींत विष सापडलंच नाही आणि काहींत प्रचंड सापडलं. म्हणून माझा नियम असा आहे की सगळेच विषारी धरायचे.

मामा: हे बरोबर. आता पद्धत सांग. मी प्रत्येक पायरीला आडवा येणार आहे. पहिला प्रश्न: एवढं कशाला? उकळतं पाणी ओतलं की मरतील की.

भाची: नेमकं हेच करायचं नाही. हे विष उष्णतेनं सहजी मोडत नाही. उलट वाफेबरोबर त्याचे बारीक थेंब हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात. २००७ साली अमेरिकेत एकानं नको असलेली वसाहत उकळत्या पाण्यानं मारायला घेतली आणि त्याला श्वासाचा गंभीर त्रास झाला. दुकानांतले ते नमुने तपासले गेले ते त्या घटनेमुळेच. उकळतं पाणी नाही, मायक्रोवेव्ह नाही, प्रेशरचं पाणी नाही, आणि उन्हात वाळवून कोरडं खरवडणंही नाही.

मामा: मग चुना? प्रवाळ पाळणारे चुन्याचा लगदा लावतात असं ऐकलंय.

भाची: दोन-चार सुटे पॉलिप असतील तर लोक तो लावतात, किंवा पाण्यात घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीखाली त्यांना गाडून टाकतात. पुट्टीत कापाकापी होत नाही, हा तिचा फायदा. पण माझ्याकडे अख्खा दगड भरलाय. एवढे पॉलिप टाकीतच मारले तर त्यांच्यातलं सगळं त्याच पाण्यात उतरेल. मासे जातील, आणि तेच पाणी मला पुढं हाताळायचंय. म्हणून पॉलिप दगडावरून काढायचेच नाहीत, दगडच जसाच्या तसा बाहेर काढायचा.

मामा: आता नीट क्रमानं सांग.

भाची: आधी फेसातून घाण काढणारा स्किमर, बुडबुडे सोडणारे एअरस्टोन, पंप सगळं बंद. बुडबुडे फुटतात तेव्हा पाण्याचे तुषार हवेत जातात. खिडक्या उघड्या. कोपरापर्यंत येणारे नायट्राइलचे हातमोजे, आणि हातावर कापलेलं, सोललेलं असेल तर काम पुढं ढकलायचं. डोळे सगळ्या बाजूंनी झाकणारा गॉगल, कारण डिवचलेला पॉलिप पाणी फवारतो आणि हे विष डोळ्यात गेलं तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. तोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क. मग टाकीच्या पाण्याखालीच जाड पिशवीत दगड सरकवायचा, पिशवीचं तोंड पाण्यातच बंद करायचं आणि ती झाकणाच्या बादलीत ठेवायची. दगड उघड्या हवेत घासला जाता कामा नये. पाणी बदलायचं असेल तर नळी तोंडानं ओढायची नाही.

मामा: हे शेवटचं मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. आपल्याकडे माशांच्या टाकीचं पाणी काढताना सर्रास तोंडानं नळी ओढतात. गोड्या पाण्याच्या टाकीत घोटभर पाणी तोंडात गेलं तर मळमळण्यावर भागतं. इथे नाही भागणार.

भाची: मग बादली गच्चीवर. तिथे दहा भाग पाण्याला निदान एक भाग ब्लीच या प्रमाणात त्याच दिवशी केलेलं ताजं द्रावण तयार ठेवायचं आणि दगड त्यात पूर्ण बुडवून किमान अर्धा तास ठेवायचा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं अलास्कातल्या घटनांवरच्या आपल्या अहवालात हाच उपाय दिला आहे. ते प्रमाण घरगुती ब्लीचचं आहे, म्हणून बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटची टक्केवारी बघायची आणि ब्लीच पातळ असेल तर ते जास्त घ्यायचं. हातमोजे, पिशवी, चिमटा, फडकं सगळं त्याच द्रावणात.

मामा: आणि संडास धुवायचं क्लीनर त्याच्या आसपासही आणायचं नाही. त्यात आम्ल असतं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. एक विष घालवताना दुसरं तयार करशील. अमोनिया असलेलं क्लीनरही नको. आणि ब्लीचच्या बादलीपाशी वाऱ्याकडं पाठ करून उभी राहा.

भाची: हेही लिहून घेते. काम संपल्यावर टाकीत नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घालते आणि पाणी बदलते. सांगा आता, यात चूक कुठे आहे?

मामा: पद्धतीत चूक नाही. चूक तुझ्या मघाच्या वाक्यात आहे, 'मी एकटी करू शकते' या. तू हातमोजे तुझ्या हाताला घातलेस, गॉगल तुझ्या डोळ्यांना लावलास, मास्क तुझ्या तोंडाला. पलीकडच्या खोलीतल्या विहीणबाईंना कोणता मास्क दिलास? तू अलास्काचा अहवाल सांगितलास. तो श्वासावाटे झालेल्या बाधेबद्दलच आहे ना? घरांत आणि दुकानांत माणसं आजारी पडली ती त्याच हवेत होती म्हणून.

भाची: त्यांना सांगितलं तर त्या घाबरतील. मग सगळं घर टाकीच्या मागे लागेल.

मामा: लागू दे. जे विष हवेतून पोचतं, ते एकट्या तुझं राहत नाही. ज्यांच्या नाकात जाणार त्यांना निर्णयात घ्यायला हवं. साताऱ्यात आम्ही मुलांकडून गाजरगवत उपटून घ्यायचो. तेही आपलं नव्हे, अमेरिका खंडातून आलेलं. पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा नजरेला आलं आणि मग रानोमाळ झालं. त्यात पार्थेनिन असतं. काहींच्या कातडीला चट्टे येतात, काहींना धाप लागते. आमचे नियम ठरलेले होते. पाऊस पडून माती मऊ झाली की उपटायचं, फूल यायच्या आत उपटायचं, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, आणि ज्या मुलाला दमा आहे त्यानं रानात यायचंच नाही. हा चौथा नियम सगळ्यात मोठा होता. धोका अंगावर घेण्याआधी त्या धोक्यात आणखी कोण येतंय ते बघायचं.

भाची: हे मान्य. खरं सांगायचं तर मी पद्धतीचा विचार केला, माणसांचा केला नाही. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना उरकून टाकावं, असं ठरवलं होतं.

मामा: झोपलेली माणसं म्हणजे न विचारलेली माणसं. त्यात पुन्हा तुला स्वतःला चक्कर आली, तर कळणार कुणाला? दुसरं माणूस हवं, टाकीपासून लांब, पण हाकेच्या अंतरावर.

भाची: आणि लक्षणं त्यालाही माहीत हवीत. तोंडाला धातूसारखी किंवा कडवट चव, ओठांना मुंग्या, थंडी वाजून ताप, खोकला, छातीत दडपण, धाप, अंगदुखी, हातापायातलं बळ जाणं. काही वेळा हे काही तासांनी सुरू होतं, त्यामुळे फ्लू आला असंच वाटतं.

मामा: तिथेच गफलत होते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रोज तापाचे रुग्ण येत असणार. तुझ्या घरात प्रवाळांची टाकी आहे, हे डॉक्टरांनी ओळखावं कसं? डॉक्टर हुशार असले तरी जे सांगितलंच नाही ते त्यांना कळणार नाही. म्हणून दारातच सांगायचं, 'पॅलिथोआ हाताळला, पॅलिटॉक्सिनची बाधा असू शकते.' उतारा नसला तरी उपचार आहेतच. ऑक्सिजन देता येतो, हृदयाची लय बघता येते, स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येतोय का ते रक्त तपासून कळतं. लघवी गडद व्हायला लागली तर तेही सांगायचं. डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा बराच वेळ धुवायचा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. १०८ ला फोन करायला लाजायचं नाही.

भाची: दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, त्यांचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक फ्रिजवर लावते. एका कागदावर पॅलिटॉक्सिनचं नाव आणि माझ्या टाकीची माहितीही लिहून ठेवते, म्हणजे मी बोलू शकले नाही तरी दुसऱ्या कुणाला सांगता येईल.

मामा: हे झालं. आता त्या दगडाचं काय? मला विचारशील तर त्याला ब्लीचमध्ये मारायचं कशाला? कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, पुढं गुहागर. समुद्राचा जीव समुद्राला परत दे.

भाची: मामा, गाजरगवताची गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना आत्ता? हा पॉलिप कुठल्या समुद्रातला आहे हे मला माहीत नाही, विकणाऱ्यालाही नसेल. त्याच्याबरोबर कोणते किडे, कोणते रोग, कोणतं शेवाळ येईल ते सांगता येत नाही. दया म्हणून गुहागरच्या खडकात सोडायचं आणि तिथे नवं गाजरगवत लावायचं, हे चालणार नाही. कृष्णेत तर नाहीच नाही. ब्लीचमधून काढलेला दगड दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात जाईल, आणि कचरा नेणाऱ्याच्या हाताला तो उघडा लागणार नाही, याची काळजी मी घेईन.

मामा: हे तू मला माझ्याच मुद्द्यानं गप्प केलंस. पण त्यातून माझा मूळ प्रश्न आणखी पक्का झाला. ज्याचं मूळ गाव माहीत नाही, ज्याला परत सोडता येत नाही, असा जीव घरी आणायचाच कशाला? प्रवाळांना कायद्यानं संरक्षण आहे ना?

भाची: दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळ वसाहती हलवल्या, तेव्हाही वन्यजीव विभागाची परवानगी लागली. माझ्या टाकीत त्यातलं काही नाही. दगडसुद्धा समुद्रातून उचललेला नाही, सिरॅमिकचा आहे. मऊ प्रवाळाचा तुकडा दुसऱ्याच्या टाकीत वाढलेला म्हणून घेतला.

मामा: 'म्हणून' घेतला. कागद आहे?

भाची: नाही. यापुढे कागदाशिवाय घेणार नाही. पण मामा, म्हणून छंदच चुकीचा असं मला वाटत नाही. माझा मुलगा समुद्राकाठी राहत नाही. क्षार, तापमान, प्रकाश यातलं एक बिघडलं तर प्रवाळ कसा आकसतो, हे तो रोज बघतो. समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात ही बातमी त्याला कळते, कारण थर्मोस्टॅट बिघडल्यावर काय होतं ते त्यानं पाहिलंय. समुद्र हा दूरच्या लोकांचा प्रश्न आहे असं त्याला वाटणार नाही.

मामा: त्यासाठी त्याला हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी ने. तिथेही झोअँथिडच्या, म्हणजे पॅलिथोआ-झोअँथसच्या गटाच्या, वसाहती आहेत. लांबून बघायच्या, हात लावायचा नाही, पाय ठेवायचा नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे ने. जीव आपल्या जागी असतो तेव्हा त्याच्या विषाचा आपल्याला त्रास नसतो, आणि त्याला आपला नसतो. तिथे तो निर्दोष आहे. धोका आपण त्याला घरात आणून तयार करतो.

भाची: नेईनच. पण वर्षातून एकदा बघणं वेगळं आणि रोज एखाद्या जिवाची जबाबदारी घेणं वेगळं. ही जबाबदारी मी सोडणार नाही. झोअँथिड मात्र यापुढे माझ्या टाकीत येणार नाहीत, रंग कितीही देखणा असला तरी. नवा तुकडा आधी वेगळ्या लहान टाकीत काही आठवडे राहील. त्याच्या बुडाशी एक जरी तपकिरी पॉलिप दिसला, तरी तो तुकडा मोठ्या टाकीत जाणार नाही. दगड भरेपर्यंत मी थांबले, ते चुकलंच. दोन-चार होते तेव्हाच पुट्टीखाली गाडायला हवे होते.

मामा: फूल यायच्या आत. आणि विहीणबाईंना आज संध्याकाळीच सगळं सांग. लक्षणांसकट. त्या म्हणाल्या 'टाकीच नको', तर?

भाची: तर मी ऐकून घेईन आणि माझं म्हणणं त्यांच्यापुढे मांडीन. दमा त्यांना आहे, त्यामुळे त्यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा जड. त्यांनी नाही म्हटलं तर टाकी जाईल, पण तीही याच पद्धतीनं, एकेक दगड, सावकाश. घाईत एका दिवसात नाही.

मामा: घरात अशी टाकी असू नये, हे माझं मत मी बदललेलं नाही. पण ती कशी काढायची याबद्दल तुझं बरोबर आहे. मी आल्या आल्या म्हणालो तसं सगळं एका दिवसात उपसलं असतं, तर घरच धोक्यात घातलं असतं. असं करू. दगड काढायच्या आदल्या दिवशी विहीणबाईंना आणि पोराला साताऱ्याला पाठव. दोन दिवस राहतील आमच्याकडे, घरात हवा खेळू दे. आणि जावईबापूंना त्या दिवशी रजा घ्यायला सांग. हाकेच्या अंतरावर उभं राहायला तेच बरे.